मक्यासाठी युरियाची गोणी : पैसे वसूल, पण दोनच घ्या

निमकोटेड युरिया, ४५ किलोची गोणी, छापील किंमत २६६.५० रु. नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के म्हणजे गोणीत २०.७ किलो, किलोभर नत्र तेरा रुपयांच्या आत पडतं, एवढ्या स्वस्तात मक्याला दुसरं काहीच मिळत नाही बघा (सबसिडीची कृपा, दुसरं काय).

संकरित मक्याला शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश), म्हणजे एकरी ४८ किलो नत्र, त्यातलं ९ किलो पेरणीला टाकलेल्या एका डीएपीच्या (नत्र-स्फुरदाचं खत) गोणीतून येतं, स्फुरदाचंही जवळपास तिथंच भागतं, पालाश वेगळा द्या. राहिलं ३९ किलो, दोन गोण्या, संपला विषय. ५३३ रुपये. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० धरला तर बावीस किलो मका, अन व्यापाऱ्यानं १८०० नं मागितला तरी तीस किलोच्या आतच.

आता लोक काय करतात, स्वस्त आहे ना मग मारा तिसरी, मारा चौथी. रान काळंभोर दिसतं, रस्त्यानं जाणारा थांबून विचारतो काय टाकलं म्हणून, पण मोंढ्यात पानं कोण घेतं? उलट ताटं लुसलुशीत होतात आणि एखाद्या वादळात आडवी. वरून नुसता फेकला आणि पाऊसपाणी नाही आलं तर अमोनिया होऊन हवेत जातो तो वेगळाच. गुडघ्याएवढा झाला की एक गोणी, तुरा यायच्या आधी दुसरी, ओल बघून, मातीआड करून.

मार्क कापतो ते खरेदीला. सीझनमध्ये नुसती गोणी देतंय कोण! आमच्याकडच्या एका दुकानदारानं पॉस मशीनवर (खतविक्री नोंदवायचं यंत्र) अंगठा घेतला आणि वर २२५ ची नॅनो युरियाची (पानांवर फवारायचा पातळ युरिया) बाटली गळ्यात मारली, नको म्हटलं तर माल संपला म्हणे. म्हणजे गोणी पडली ४९१.५० ला. आणि त्या ४ टक्केवाल्या अर्ध्या लिटरमध्ये नत्र किती, २० ग्रॅम! २० टक्केवाली घेतली तरी १०० ग्रॅम. इकडं क्विंटलभर मक्याच्या दाण्यातच सव्वा-दीड किलो नत्र निघून जातं, पानातून कितीही चांगलं शोषलं तरी ही तूट भरणार कशी ते कुणीतरी सांगा. वर फवारणीची मजुरी आपलीच.

गोणीला चार स्टार. दुकानाला एक, तो पण गोणी वजनात पूर्ण भरली म्हणून.