१९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप: मिशिगनच्या कार शोंना न्यायला कशी आहे?

जुनी गाडी घेऊन उन्हाळाभर आसपासच्या कार शोंना जायचं मनात असेल आणि कुठली घ्यावी ते ठरत नसेल, तर माझं उत्तर आहे पिकअप. त्यातही शेवरोलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका, जी १९४७ च्या उन्हाळ्यात आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. तिच्यातली ३१०० म्हणजे अर्धा टन माल वाहण्याच्या वर्गातली. माझी १९५१ ची आहे, आधीच्या मालकाने नटबोल्टापर्यंत खोलून पुन्हा बांधलेली, फॉरेस्टर ग्रीन रंगाची. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहते आणि प्रत्येक शोला ती स्वतः चालवत नेते. ट्रेलरवर चढवून नेणाऱ्यांची गरज वेगळी असते, त्यांना या लिखाणाचा फार उपयोग होणार नाही.

आधी चालवण्याबद्दल, कारण फोटोत सगळ्याच सुंदर दिसतात.

किल्ली फिरवली की फक्त इग्निशन चालू होतं. गिअर न्यूट्रलला, चोकची मूठ बाहेर ओढायची, ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडायचा. मग त्याच्याच उजव्या बाजूला जमिनीतून वर आलेलं स्टार्टरचं छोटं पेडल पायाने दाबायचं. पाय एकच, काम दोन्हीकडे. ६ व्होल्टचा स्टार्टर जड आवाजात सावकाश फिरतो, नव्या गाडीची सवय असलेल्याला वाटतं बॅटरी उतरली. बॅटरी ठणठणीत असते, त्याची चालच तशी. दोनतीन वळसे घेतले की सहा सिलिंडर एकामागून एक धरतात, बॉनेट हलकंसं थरथरतं आणि मग आवाज असा एकसारखा लागतो की चोक आत ढकलताना हात आपोआप हळू होतो. पुष्कळ जण या गाड्या १२ व्होल्टवर नेतात. मी नेलेली नाही आणि नेणार नाही. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या केबली जाड हव्यात आणि अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ हव्यात. ६ व्होल्टला दोष देणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या हिशेबाच्या बारीक केबली बसवलेल्या सापडतात.

इंजिन २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, ९२ हॉर्सपॉवर. आकडा लहान वाटेल, पण खालच्या आरपीएमला ताकद भरपूर, त्यामुळे टॉपमध्ये रेंगाळत चालवली तरी कुरकुर करत नाही. तीन गिअर, स्टिअरिंगच्या दांड्यावर. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी रचना, नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. मागच्या ॲक्सलचा रेशो ४.११, त्यामुळे ताशी ४५ ते ५० मैलांच्या पुढे इंजिन ओरडायला लागतं. आणि हे नुसतं ओरडणं नसतं. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला व्हाइट मेटलची बेअरिंगं ओतलेली आहेत आणि रॉडच्या तळाला असलेल्या पळ्या ऑइल झेलून वर पोचवतात. फ्रीवेवर तासभर ताणली तर नुकसान ठरलेलं. म्हणून माझा प्रत्येक शोचा रस्ता आतून, गावागावातून, मक्याच्या शेतांमधून जातो. गुगल अर्ध्या तासाचं अंतर सांगतं तिथे मी तासभर आधी निघते आणि तो तास मला शोइतकाच प्रिय आहे.

ब्रेक चारी चाकांना ड्रम. १९५१ पासून बेंडिक्स पद्धतीचे आले, ते आधीच्या हक ब्रेकपेक्षा पुष्कळ बरे, तरी पुढच्या गाडीपासून अंतर आजच्या दुप्पट ठेवायचं. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतात, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ते मंदावतात. पावसाचा अंदाज असेल तर मी जातच नाही. कारखान्यातून ही गाडी डावीकडच्या एकाच टेललाइटसह यायची, उजवा दिवा जादा पैसे मोजून घ्यायचा असे. इंडिकेटरही तसेच. मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारे परीक्षक त्यावरून गुण कापू शकतात. कापू देत. उजवा दिवा आणि इंडिकेटर लावाच, संध्याकाळी परतताना मागून येणाऱ्याच्या हातात फोन असतो.

आता शोंबद्दल.

सगळ्यात सोपे म्हणजे गावातले संध्याकाळचे क्रूझ-इन. बर्गरच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये गाड्या लागतात, बहुधा फी नसते, घडीच्या खुर्च्या उघडतात, बॉनेटं वर जातात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. नंतर मोठे. डिअरबॉर्नच्या ग्रीनफिल्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात जूनमध्ये, फादर्स डेच्या शनिवार-रविवारी ‘मोटर मस्टर’ भरतो, १९३३ पासून पुढच्या काळातल्या गाड्यांसाठी. तिथे गाड्या एकेक करून पुढून नेतात आणि जाणकार माणूस माइकवर तिची माहिती सांगतो. जुनी घरं आणि झाडांची सावली यांच्यामध्ये पिकअप जशी शोभते तशी डांबरी पार्किंगमध्ये कधी शोभत नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर हाच पहिला निवडा.

वुडवर्ड ड्रीम क्रूझबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ऑगस्टचा तिसरा शनिवार, फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंतचा वुडवर्ड रस्ता, त्यावरून फिरणाऱ्या जुन्या गाड्या, दुतर्फा माणसांची रांग. १९९५ मध्ये फर्नडेलच्या सॉकर मैदानासाठी निधी जमवायला सुरू झालेला हा प्रकार आज कुठल्या कुठे गेलाय, एकदा डोळ्यांनी बघायलाच हवा. पण या इंजिनाला तो दिवस मानवत नाही. ऊन, पावलापावलाने सरकणारी रांग, बॉनेटखाली साचलेली उष्णता. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. त्यावर उपाय सोपा आहे: त्याच आठवड्यात मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी जायचं. लोक आठवडाभर वुडवर्डवर फिरतच असतात, रस्ता वाहता असतो, आणि फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेल्यांशी थांबून बोलताही येतं. शनिवारी मी गाडी घरी ठेवते आणि पायी बघायला जाते.

मला सगळ्यात जवळचा मात्र फ्लिंटचा ‘बॅक टू द ब्रिक्स’. सॅगिनॉ स्ट्रीटच्या विटांच्या रस्त्यावर गाड्या लागतात. माझ्या गाडीच्या दाराजवळ कारखान्याने लावलेल्या नंबराच्या पट्टीवर पहिला आकडा १ आहे. १ म्हणजे फ्लिंट. व्हॅन स्लाइक रोडवरचा हा कारखाना १९४७ मध्ये उभा राहिला आणि आजही तिथे पिकअपच बनतात. त्यामुळे तिथे बघायला येणाऱ्यांत अर्ध्याअधिक लोकांच्या घरातलं कुणीतरी ‘शॉप’मध्ये, म्हणजे गाड्यांच्या कारखान्यात, कामाला होतं. एक वयस्कर गृहस्थ आले, गाडीभोवती एक फेरी मारली, काही न विचारता मागे गेले. फाळक्याची साखळी आकड्यातून काढली, फाळका एका हाताने तोलून धरत खाली आणला, आणि बिजागरी जिथे वळते तिथल्या पत्र्याच्या कडेवर अंगठा फिरवला. नंतर म्हणाले, माझे वडील याच लाइनवर होते. मग तासभर बोलत होते: शिफ्ट, युनियन, १९३६-३७ च्या थंडीत कामगारांनी फ्लिंटच्या जुन्या कारखान्यांत ठाण मांडून केलेला ४४ दिवसांचा संप, जो त्यांनी घरी लहानपणापासून ऐकला होता. शेजारी एक लाल कॉर्व्हेट उभी होती, आरशासारखी लखलखीत. तिचे फोटो शेकड्यांनी निघत होते, पण तिच्याजवळ कुणी थांबत नव्हतं.

पिकअप घ्या म्हणते ती याचसाठी. स्पोर्ट्‌स कारकडे लोक बघतात, पिकअपपाशी येऊन बोलतात. कुणाच्या आजोबांनी हिच्यातून दुधाचे कॅन नेले, कुणी हिच्यावर गाडी शिकलं, कुणी मागच्या हौद्यात बसून जत्रेला गेलं. मी फाळका उघडाच ठेवते आणि मुलांना हौद्यात चढू देते. हौद्याला लाकडी फळ्या आणि मधून पोलादी पट्ट्या आहेत. आधीच्या मालकाने त्या ओकच्या करून वर काचेसारखं पॉलिश मारलं होतं. दिसायला देखणं, पण ही कामाची गाडी होती, मुळात तिथे असलं पॉलिश नसायचंच. मी ते उतरवून साधा, बूट सहन करेल असा हात दिला. बक्षिसांच्या दृष्टीने तोटा असेल, मला तो मान्य आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. नवरा सोबत असला की गाडीबद्दलचे प्रश्न त्यालाच विचारतात. तो शांतपणे माझ्याकडे बोट दाखवतो. माझं बालपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, आप्पांच्या लेथच्या आवाजात गेलं. गाडी आली त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी बॉनेट उघडून फोन इंजिनजवळ धरला. आप्पा म्हणाले, “अगं बाळ, मागून दुसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय बघ. गरम असतानाच सेट कर.” आठ हजार मैलांवरून, फोनच्या स्पीकरवर. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघितलं तर तोच होता. मग ते शिवडीच्या कारखान्याबद्दल बोलत राहिले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती आणि १९५४ मध्ये ते बंद केलं. तिथले शेवरोलेचे ट्रक पुढे कितीतरी वर्षं आपल्या घाटांमध्ये चालत होते आणि आप्पांच्या उस्तादांनी त्यांची कामं केली होती. हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं, गाडीमुळे कळलं.

देखभाल सोपी आहे. बॉनेटखाली इतकी मोकळी जागा की हात कोपरापर्यंत आत जातो. सुटे भाग नवे बनवलेले सहज मिळतात, अगदी दाराच्या रबरापासून ग्रिलच्या पट्ट्यांपर्यंत. पेट्रोल मात्र जमेल तिथे इथेनॉल नसलेलं घालते, कारण इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं आणि उन्हात लवकर उकळतं. टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच आहे, तेव्हा पेट्रोलचा वास आला की दुर्लक्ष करायचं नाही.

कागदपत्रांचं सांगायचं तर मिशिगनमध्ये २५ वर्षांवरच्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ पाटी मिळते. ती स्वस्त पडते, पण गाडी प्रदर्शन, क्लबचे कार्यक्रम, मिरवणूक अशाच कारणांसाठी चालवायची. ऑगस्ट महिना तेवढा मोकळा, तेव्हा कशालाही न्या. विमा ठरलेल्या किमतीचा घ्यावा, म्हणजे गाडीची किंमत आधीच लेखी ठरते आणि नंतर घसाऱ्याचा वाद उरत नाही. मिरवणुकीची मुभा असल्यामुळे आमच्या मंडळाचा गणपतीही हिच्याच हौद्यातून जातो. पहिल्या गिअरमध्ये ती माणसाच्या चालीने, क्लच न जाळता चालते, लेझीमवाल्यांना मागे वळून बघावं लागत नाही. नव्या गाडीला हे इतकं सहज जमत नाही.

गाडी म्हणून हिला पाचपैकी साडेतीन, शोची गाडी म्हणून पाच. चांगली चालती, पुन्हा बांधलेली ३१०० आजही नव्या मोठ्या पिकअपपेक्षा कमी पैशांत मिळते. घेताना रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. खिशात लोहचुंबक ठेवा आणि केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायरीच्या वरचा पत्रा, पुढच्या मडगार्डची खालची कड इथे लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, थंड इंजिन स्वतःच्या पायाने सुरू करा, ऑइल प्रेशरचा काटा उठतो का बघा, आणि मगच भाव बोला.