हेडलाइटचा बल्ब: शंभर-नव्वद, एलईडी की चांगला हॅलोजन?

गाडीत एच-४ बल्ब (एकाच बल्बात अप्पर आणि डिप्पर दोन्ही), दिवा साध्या रिफ्लेक्टरचा आणि रात्री नागपूरबाहेर जाणं-येणं, अशांसाठी हे लिहितोय. ज्यांची गाडी वर्धमाननगर ते धरमपेठ एवढीच फिरते, त्यांनी पैसे वाचवावेत. शहरात पथदिव्यांखाली कंपनीचा बल्ब पुरतो. खरी अडचण फेटरी ओलांडल्यावर सुरू होते. माझं जाणं काटोलकडे, आणि काटोलहून पुढे आतल्या रस्त्याने सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेपर्यंत. त्या भागात अंधार पडला की रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर कुठून आडवं येईल याचा नेम नाही. त्या निमित्ताने तिन्ही प्रकार वापरून झाले आहेत. मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. जे दिसलं ते सांगतो.

पण बल्बच्या आधी काच बघा. आपल्याकडच्या उन्हात बाहेर उभी राहणारी गाडी असेल, तर चार-पाच उन्हाळ्यांत दिव्याची प्लास्टिकची काच पिवळी पडतेच. अशा काचेमागे कितीही भारी बल्ब लावा, प्रकाश रस्त्यावर जायच्या ऐवजी काचेतच पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पाण्याचा पॉलिश पेपर ८०० नंबरपासून २००० पर्यंत आणि वर क्लिअर कोट, एवढं करून घेतलं की पुष्कळांचा बल्बाचा प्रश्न तिथेच संपतो. टूथपेस्टवर वेळ घालवू नका. त्याने आलेली चमक पुढच्या मे महिन्यापर्यंतही राहत नाही.

आता शंभर-नव्वद, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) १०० आणि डिप्परला (खालच्या झोताला) ९० वॉट. जुन्या जाणत्या ड्रायव्हरांचा हा लाडका बल्ब, आणि उजेड खरंच दांडगा. अप्परला रस्ता लांबपर्यंत पिवळाधमक दिसतो. पण कंपनीची वायरिंग ६०/५५ वॉटच्या हिशेबाने असते. साठ वॉटला पाच अँपिअर लागतात, तर शंभराला आठच्या वर. वायर, स्विच आणि सॉकेट तिघंही तापतात. माझ्या आधीच्या गाडीत सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालं होतं. रिले (बॅटरीची वीज थेट दिव्याला देणारा विजेवरचा स्विच) लावला की वायरचा प्रश्न सुटतो, पण उष्णता दिव्यातच राहते आणि रिफ्लेक्टरची चकाकी हळूहळू धुरकट होते. शिवाय साध्या रस्त्यासाठी हा बल्ब कायदेशीर नाही. मी याच्यावर फार वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नये असं वाटतं.

खरी लढत एलईडी आणि चांगल्या हॅलोजनमध्ये आहे.

एलईडीचं कौतुक आधी करतो. वीज कमी खातो, झटकन पेटतो आणि गाडी नवी वाटायला लागते. दुकानदार भिंतीवर पाडून दाखवतो तेव्हा हॅलोजनची बाजू घ्यायला तोंड उरत नाही. ‘भाऊ, एवढा उजेड पाहून घ्या ना, अजून काय पायजे?’ असं तो म्हणतो आणि आपणही मान हलवतो. डब्यावर वीस हजार ल्युमेन (प्रकाशाचं माप) वगैरे छापलेलं असतं. तुलनेसाठी सांगतो, एच-४ हॅलोजनचा प्रमाणित आकडा अप्परला १६५० आणि डिप्परला १००० ल्युमेन आहे. त्यावर वीस हजार कुठून आले, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

पण माझा निर्णय आकड्यांनी केला नाही. तो समोरून येणाऱ्या लोकांनी केला. काटोलच्या पुढचा तो अरुंद रस्ता. गाडीत एलईडी, मी डिप्परवर, नियमाने चाललेला. समोरचा ट्रॅक्टरवाला डिप्पर मारतो, म्हणजे दिवा लपकावून ‘उजेड खाली घे’ म्हणतो. मी म्हणतो, बाबा, मी डिप्परवरच आहे. ते त्याला कळावं म्हणून क्षणभर अप्पर मारून दाखवतो. त्याला वाटतं हा उलटून बोलतोय. तो आपला अप्पर लावतो आणि तसाच ठेवतो. आता माझ्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा, आणि नेमकी त्याच क्षणी मला रस्त्याची कड बघायची असते, कारण दोघांनाही एकेक चाक मातीत उतरवायचं असतं. तो जातो न जातो तोच मागची मोटारसायकल तेच सुरू करते. घरी पोचेपर्यंत अनोळखी माणसांशी इतकी भांडणं झालेली असतात की सासूबाईंनी पुढे केलेल्या चहाचीही चव लागत नाही. दिवा जास्त लख्ख आणि मला दिसतंय कमी, असा तो हिशेब होता.

समोरच्याची चूकही नसते. एच-४ हॅलोजनमध्ये डिप्परच्या फिलामेंटखाली (पेटणाऱ्या तारेखाली) पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा वरचा भागच उजळतो आणि झोत खाली रस्त्यावर पडतो. सगळा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. जागा थोडी हुकली तरी प्रकाश ठरलेल्या रेषेच्या वर सांडतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमात हे मापासकट दिलेलं आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला दिवा दिपवता कामा नये. मोटारसायकलवाल्याचे डोळे जवळपास तिथेच येतात. जर्मनीत २०२० मध्ये ऑस्रामच्या एलईडी बल्बला रस्त्यासाठी मंजुरी मिळाली, पण तीही सरसकट नाही. ज्या मॉडेलांच्या दिव्यात तपासणी झाली तेवढ्यांनाच. आपल्या दुकानात मात्र एकच डबा सगळ्या गाड्यांना चालतो म्हणे.

आणखी एक. एलईडीचा उजेड गाडीच्या नाकासमोर जास्त पडतो. जवळचं डांबर दुधासारखं पांढरं दिसतं, मन खूश होतं, पण डोळे त्या उजेडाला सरावले की लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. समृद्धी महामार्गावर १२० ने जाताना सेकंदाला ३३ मीटर मागे पडतात. तिथे पुढचे वीस मीटर लख्ख दिसून काय करायचं? तिथल्या रुंद दुभाजकामुळे समोरच्याशी भांडण होत नाही, एवढं मात्र मान्य. पावसात ओल्या डांबरावर पांढरा उजेड नाहीसाच होतो. हे बहुतेकांनी अनुभवलेलं असेल, म्हणून लांबवत नाही.

राहिला चांगला हॅलोजन, म्हणजे ऑस्रामचा नाइट ब्रेकर किंवा फिलिप्सचा एक्स्ट्रीम व्हिजन. वॉट तेच, ६०/५५. डब्यावरचे १३० किंवा १५० टक्के जास्त उजेडाचे दावे शब्दशः घेऊ नका. ती तुलना कायद्याने ठरवलेल्या किमान उजेडाशी असते, आणि तीही झोतातल्या ठरावीक जागी. एकूण प्रकाश ठरलेल्या मर्यादेतच राहतो. फिलामेंट जास्त आटोपशीर आणि नेमक्या जागी असतं, त्यामुळे झोत लांब जातो. याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. कंपनीचा बल्ब वर्षानुवर्षं चालतो, हा त्याच्या निम्माही टिकत नाही. जोडीला अडीच-तीन हजार घालून तो उडाला की चिडचिड होते, हे खरं आहे. एलईडीवाले इथे आपल्याला हसतात आणि त्यांना हसू द्यावं.

मात्र नुसता बल्ब टाकून थांबू नका, सोबत रिले किट घ्या. हॅलोजन व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. दहा टक्के व्होल्टेज वाटेत गळालं तर प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. जुन्या गाडीत स्विचमधून फिरून येणाऱ्या बारीक वायरीत एवढी गळती सहज होते. इंजिन आणि दिवे सुरू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीला आणि मग बल्बाच्या सॉकेटला लावून बघा. रिले किटमध्ये वीज बॅटरीकडून फ्यूजमार्गे थेट येते आणि जुनी वायर फक्त इशारा देते. वायर न कापता जोडलं जाणारं किट मागा, म्हणजे वॉरंटीच्या वादाची शक्यता कमी होते. माझ्या गाडीत रिलेने पडलेला फरक बल्बाच्या फरकापेक्षा मोठा वाटला. हे अर्थात डोळ्यांचं मत आहे, पण नंतर त्या रस्त्यावर मला कोणी डिप्पर मारलेला फारसा आठवत नाही.

प्रोजेक्टर दिवे (पुढे गोल भिंग असलेले) असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आतला पडदाच प्रकाशाची वरची रेषा कापतो, त्यामुळे बऱ्या दर्जाचा एलईडी समोरच्याला तितका छळत नाही. भाच्याच्या गाडीत आहे, आणि वाईट नाही. फक्त मागचा पंखा आत मावावा म्हणून मेकॅनिक दिव्याचं रबरी झाकण कापायला निघाला, तर त्याला थांबवा. त्या भोकातून उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात बाष्प आत जातं, आणि मग बल्ब सोडून अख्खा दिवाच बदलावा लागतो.