पेटीला सरस की फेविकॉल? अन् डिक्कीत मावणारा माझा सेटअप

अमरावती-दर्यापूरकडच्या गावांत भजनी मंडळांच्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करत फिरतो मी, मोझरीचा तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव जवळ आला की फोन थांबत नाही, अन् हल्ली पोट्टे विचारून राहिले की भाऊ गोंद कोणता घेऊ, म्हणून लिहितो.

पट्टीखालच्या चामडीला अन् भात्याला फक्त सरस. जनावराच्या कातडी-हाडाचा असतो, पियानोवाले पण हातोड्या चिकटवायला पिढ्यान् पिढ्या हाच वापरत आले, काहून की गरम पाणी नाहीतर वाफ दिली की जोड सुटतो. पेटीची चामडी आज ना उद्या बदलावीच लागते ना! तिथं रबरी गोंद असला तर चामडी फाटून निघते अन् थर लाकडावरच राहतो, तो खरवडता खरवडता लाकूड उंचसखल झालं की चामडी नीट बसत नाही, मग भाता मारला की पट्टी न दाबताच सूर वाजतो. पुढच्या कारागिराचा पण विचार करा जरा.

दाणे रात्री थंड पाण्यात भिजवायचे, सकाळी वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवायचे, 60-65 डिग्रीच्या वर नको, उकळला की ताकद जाते. एक गोष्ट मात्र आपल्या इकडचीच, मे महिन्यात 44-45 डिग्रीत सरस लवकर गोठतच नाही, म्हणून काम पहाटे करा अन् दाब जास्त वेळ ठेवा. डिसेंबरात उलटं, ब्रश टेकवेपर्यंत गोठतो, तेव्हा लाकूड आधी शेकून घ्या.

पेटीचा डबा उकलला असेल तर फेविकॉल एसएच, बिनधास्त, रात्रभर आवळून ठेवा. फेल्ट-रेक्झिनला एसआर चांगला, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा झाला की दाबा, पण तो पेट घेतो, चुलीजवळ उघडू नका. झटपट गोंद सुरांच्या, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी पात्यांच्या, आसपास नकोच, त्याची वाफ बसून पांढरा थर येतो.

सेटअपमध्ये सगळ्यात कामाचा निघाला रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास. निघताना घरून गरम पाणी भरायचं, तोंडात छोटी वाटी बसते, गावात लाईट नसली तरी सरस पातळ राहतो, शेगडी मागत फिरावं लागत नाही. पलंगावर ठेवायचा लॅपटॉपचा घडीचा टेबल घेतला, देवळाच्या ओट्यावर मांडी घालून बसलं की उंची बरोबर येते, फक्त त्याचे पाय हलतात, पटाशी मारायची तर पेटी खाली सतरंजीवरच घ्या. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, क्लॅम्पपेक्षा मला त्याच आवडतात, लाकडावर डाग पडत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी घ्याच, भात्यातली चीर तिच्याशिवाय दिसत नाही. अन् पेटीच्या पट्ट्या काढायच्या आधी पेन्सिलने नंबर टाका.

पावसाळ्यात सरस थोडाच भिजवा, दोन दिवसांत वास मारतो, तो फेकून द्या.