टाकी रिकामी झाली की काटा ‘फुल्ल’: तयार हॉट रॉड एक मोसम वापरल्यावर

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन घालून पळण्यासाठी बांधलेली गाडी. माहितगारांसाठी थोडक्यात: 1931ची फोर्ड मॉडेल ए कूपे, टप कापून बुटका केलेला, पुढे शेव्हीचं (म्हणजे शेव्हरोलेचं) 350 घनइंची इंजिन, त्याला टर्बो 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे फोर्डचा नऊ इंची ॲक्सल. फोर्डच्या अंगात शेव्हीचं इंजिन का, हा वाद कृपया इथे काढू नका. 1955 साली शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक हे आटोपशीर व्ही-8 इंजिन आलं तेव्हापासून तो चालू आहे, आणि सुटे भाग ज्या बाजूला स्वस्त आहेत ती बाजू केव्हाच जिंकली आहे.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, म्हणजे वापरायला मिळतात मे ते ऑक्टोबर एवढेच महिने. बाकीचे दिवस रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं, पत्रा गंजवणारं मीठ असतं. गाडी मी बांधलेली नाही, तयार विकत घेतली. यामागे निव्वळ हिशोब होता. विकणाऱ्या गृहस्थांनी पावत्यांची फाइल दाखवली होती. बेरीज 58 हजार डॉलरच्या वर जात होती आणि त्यात त्यांची स्वतःची मजुरी शून्य धरलेली. मी दिले 31 हजार. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पावत्यांवर ते छापलेलं असतं, आणि दुसऱ्या मालकाला ते अर्ध्यात पडतं. ज्याला वेल्डिंग येत नाही आणि पैसे मोजून खर्च करायची सवय आहे, त्याने हॉट रॉड बांधायच्या फंदात पडूच नये. दुसऱ्याची झालेली घ्यावी. हे मत मोसम संपल्यावरही कायम आहे.

सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने आठ वर्षं घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधली आणि पूर्ण झाल्यावर दोन उन्हाळ्यांत काढून टाकली. का विकताय, असं विचारलं तर म्हणाले, “झाली ना पूर्ण.” मला हे विकणाऱ्याचं गोड उत्तर वाटलं. म्हणून मी चासीखाली आडवा होऊन वेल्ड तपासले, लोहचुंबक घेऊन पत्र्यात पुट्टी कुठे भरली आहे ते बघितलं, ब्रेक दाबून बघितले. सगळं चोख. दारांच्या फटी खालपासून वरपर्यंत एकसारख्या. रंग असा की त्यात घड्याळ बघावं.

पेट्रोलचा काटा मात्र उलटा चालत होता.

आता यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, ज्यांना इंजिनाच्या गोष्टी हव्यात त्यांनी खाली उडी मारावी. टाकी भरली की काटा अर्ध्याच्या जरा वर येऊन थांबायचा. गाडी चालवत राहिलं की हळूहळू वर चढायचा. सुरुवातीला वाटलं वायर सैल असेल, म्हणून पंप दिसला की थोडंथोडं टाकत राहिलो. मग ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची मिरवणूक आली. (1995 साली फर्नडेलमध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला सुरू झालेला हा प्रकार आता पॉंटिॲकपर्यंतचा रस्ता भरून टाकतो.) दिवसभर मुंगीच्या पावलाने चालत होतो, काटा ‘एफ’च्याही पुढे जाऊन टेकला होता, आणि रॉयल ओकच्या अलीकडे इंजिनाने दोन आचके देऊन मान टाकली. बाजूला खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. एकाने गवत कापायच्या यंत्राचा डबा आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत, एवढं मात्र वुडवर्डवरच होऊ शकतं.

घरी येऊन आधीच्या मालकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “हो, ती उलटी दाखवते. फुल्लवर गेली की भरायची.” म्हणजे त्यांना माहीत होतं!

कारण साधं आहे. टाकीतला तरंगता सेंडर पेट्रोलच्या पातळीप्रमाणे विजेचा रोध बदलतो आणि गेज तो रोध वाचतं. जनरल मोटर्सच्या जुन्या पद्धतीत रिकाम्याला 0 ओम, भरलेल्याला 90. जुन्या फोर्डमध्ये रिकाम्याला 73 आणि भरलेल्याला 10. बाजारात मिळणारी बरीचशी ‘कुठल्याही गाडीला चालणारी’ गेजेस 240 ला रिकामं आणि 33 ला भरलेलं समजतात. माझ्या गाडीत सेंडर 0 ते 90चा आणि गेज 240 ते 33चं. टाकी भरलेली असताना 90 ओम, म्हणजे त्या गेजच्या भाषेत अर्ध्याहून थोडं जास्त. अर्धी टाकी म्हणजे 45 ओम, गेज म्हणतं जवळजवळ भरली. खडखडाट झाला की 0 ओम, गेज खूश होऊन टोकाला. चुकीचं गेज परवडतं, हे तर आत्मविश्वासाने खोटं बोलणारं गेज.

राग येण्यासारखी गोष्ट अशी की 1931च्या मूळ गाडीत हा प्रश्नच नव्हता. मॉडेल एची टाकी विंडशील्डच्या पुढे, डॅशबोर्डच्या वरच असायची. पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरायचं, पंपसुद्धा नाही, आणि टाकीतल्या तरंगत्या भागाची पातळी थेट डॅशवरच्या काचेत दिसायची. वायर नाही, ओम नाही. गुडघ्यांच्या वर पेट्रोल घेऊन बसायला नको म्हणून हौशी लोक ती टाकी काढून मागे डिग्गीत नेतात. ते योग्यच आहे. पण नव्वद वर्षांपूर्वी चालणारी गोष्ट सुधारून बिघडवायची तर निदान तारा तरी जुळवा की.

गेज विकणाऱ्यांना लिहिलं. त्यांचं म्हणणं, सेंडर चुकीचा आहे, टाकीवाल्यांशी बोला. टाकीवाले म्हणाले, आमचा सेंडर अगदी बरोबर आहे, गेज चुकीचं आहे. दोघेही खरं बोलत होते आणि दोघांनाही त्याचं समाधान होतं. वर गेजवाल्यांनी कळवलं की हमी फक्त मूळ ग्राहकाला. मी तीन पानी उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि त्यावर ‘तुमचा अनुभव कसा वाटला’ असा पाच चांदण्यांचा फॉर्म आला.

तेव्हा बाबा कराडहून आलेले होते. दोन दिवस माझी चिडचिड बघून म्हणाले, “अरे, एवढं काय त्यात? ट्रॅक्टरच्या टाकीत काय घालतो आपण? काठी घाल.” डिग्गीतल्या टाकीचं झाकण थेट वरच असल्याने काठी सरळ तळाला टेकते. हार्डवेअरच्या दुकानातून दोन डॉलरची लाकडी दांडी आणली, टाकी रिकामी केली, एकेक गॅलन ओतत बाबांनी करवतीने खुणा पाडल्या. पेट्रोल लगेच उडून जातं म्हणून ओल पटकन वाचावी लागते, एवढंच पथ्य. वुडवर्डवर सगळी मंडळी क्रोम दाखवत असताना मी डिग्गी उघडून काठी घालतो, तेव्हा माझ्या गाडीभोवती जास्त गर्दी जमते.

बाकी गाडीबद्दल: 350 थंड असो की तापलेलं, एका चावीत उठतं. ओढ अफाट, कारण 5.7 लिटरच्या इंजिनाला ओढायला गाडी अशी नाहीच. गर्दीतही तापमान जागेवर राहिलं, हे अनपेक्षित होतं. ॲव्हरेज लिटरला साडेपाच किलोमीटर, त्यावर बोलून फायदा नाही. पायांशी भट्टी. टप कापलेला असल्याने पहिल्या रांगेत उभं राहिलं की सिग्नल दिसत नाही, मान वाकवावी लागते. डॅशवर ठेवायचं लोलकासारखं भिंग मिळतं, ते घ्या, मस्त काम करतं. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर) नाही, मागे ॲक्सलमध्ये 3.50चा गिअर (चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे साडेतीन), त्यामुळे ताशी 65 मैलांना इंजिनाचे मिनिटाला 2,700च्या पुढे फेरे आणि कानात घर केलेला आवाज. लांबच्या प्रवासाला बायको एकदा आली. एकदाच.

हे सगळं बघून मला वाटलं होतं, त्या गृहस्थांनी गाडी विकली ती गरमी, आवाज आणि दुखऱ्या पाठीमुळे. इथे माझं मत बदललं आणि बदललं तेही त्या काट्यामुळेच. दारांच्या फटी नाण्याच्या जाडीने मोजणारा माणूस उलटा काटा दोन उन्हाळे कसा खपवून घेतो, हे मला सुटेना. परत भेटायला गेलो. त्यांनी सांगितलं ते असं: सेंडर बदलायचा तर टाकी बाहेर काढायची, टाकी डिग्गीच्या तोंडातून निघते, आणि तिथल्या कडेवर 17 हजार डॉलरचा रंग. “रंग झाल्यावर माझा हातच चालेना,” म्हणाले. रंगाआधी ती गाडी ते किराणा आणायला नेत होते, रंगानंतर ढग बघून काढायचे. मग काढायचेच नाहीत. मग विकली.

हे डोक्यात ठेवून उरलेल्या मोसमात भेटेल त्याला विचारत सुटलो. ज्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं घरात आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांचा रंग एक तर कधीच पूर्ण झालेला नाही किंवा केव्हाच खराब झाला आहे. एक बाई वडिलांची 1934ची सेडान चालवतात. दारावर प्रायमर आहे, कुत्रा मागच्या सीटवर बसतो. विकणार का म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कुत्र्याची किंमत विचारली होती. उलट ज्यांनी बक्षिसाच्या लायक रंग केला, ते ‘योग्य गिऱ्हाईक आलं तर’ असं हळूच सांगतात. इथे बांधून घेणारे आणि बांधणारे असाही फरक आहे. दुकानाकडून बांधून घेणारा चेक लिहून कंटाळतो. बांधणारा मात्र संध्याकाळ मोकळी झाल्यामुळे अस्वस्थ होतो, आणि गॅरेजमध्ये जागा एकाच गाडीची असते. जुनी गेल्याशिवाय नवा सांगाडा आत येणार कुठून?

तसं बघितलं तर विकणं ही या छंदाची जुनी रीतच आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्डचे मडगार्ड उतरवून म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायची. या पळवणाऱ्या क्लबांची एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना 1937ची. आठवडाभर त्याच गाडीने कामावर जायचं, सुटीला पळवून वेळ मोजायची, आणि जास्त पळणारी मिळाली की हिला विकायचं. कुणी जपून ठेवायला बांधत नव्हतं. मान नंतरच्यांना मिळाला. 1997 साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या काँकूरमध्ये, म्हणजे जुन्या देखण्या गाड्यांच्या स्पर्धेत, हॉट रॉडचा वर्ग पहिल्यांदा ठेवला, त्यात डोन स्पेन्सरने बांधलेली 1932ची रोडस्टर पहिली आली. तेव्हा ती ब्रूस मायर यांच्या मालकीची होती. स्पेन्सरने ती कित्येक दशकं आधीच दुसऱ्याला देऊन टाकली होती.

वयाचाही भाग आहे, तो कुणी मोठ्याने बोलत नाही. 1949च्या आधीच्या गाड्यांचा पहिला राष्ट्रीय मेळावा इलिनॉयमधल्या पिओरियात 1970 साली भरला. तेव्हा विशीत असलेले आज सत्तरीच्या पुढे आहेत. गुडघे क्लच दाबू देत नाहीत, मुलांना ही गाडी नको आहे, आणि आपल्यामागे कुणीतरी कवडीमोलाने विकण्यापेक्षा आपणच विकलेली बरी, असा विचार होतो. यामुळे विकणारे वाढलेत, घेणारे तितके नाहीत. माझ्यासारख्याला हे सोयीचं आहे, हे उगाच लपवत नाही.

काटा शेवटी दुरुस्त केला, टाकी न काढता. सेंडर आणि गेज यांच्या मधल्या वायरीत बसवायचा एक छोटा डबा मिळतो, तो एका मापाचे ओम दुसऱ्या मापात बदलून देतो. पन्नास डॉलरच्या आत काम झालं, डॅशच्या मागे हात घालून अर्धा रविवार गेला. आता भरल्यावर भरलेलं दाखवतो. फक्त टाकी खाली निमुळती असल्याने शेवटचा पाव भाग झरझर उतरतो. त्यामुळे काठी डिग्गीतच आहे. बाबा फोनवर पहिला प्रश्न तिचाच विचारतात.

विकायचा विचार केला होता का? हो, रॉयल ओकनंतर आठवडाभर. 34 हजाराला मागणारा एक जण आलाही होता. पण मोठा तोटा पहिल्या मालकाने सोसून झाला आहे, ठरलेल्या रकमेचा विमा रोजच्या गाडीपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि तीन हजारांच्या नफ्यातून कर नि सर्व्हिसिंग वजा केलं तर हातात पेट्रोलचे पैसे उरतात. त्यापेक्षा चालवलेली बरी. शिवाय डिग्गीच्या कडेवर काठीचा एक बारीक ओरखडा आला आहे, तो मी पॉलिश करणार नाही.

आधीच्या मालकांचा परवा फोन आला. आता 1934चा पिकअप घेतलाय म्हणे, तो ओमचा डबा कुठे मिळतो ते हवं होतं. रंगाच्या आधी बसवा, एवढं बजावून सांगितलं.

घेणाऱ्यांना सल्ला: तयार गाडी घ्या, पावत्यांची फाइल मागा, आणि बघायला जाताना पेट्रोल भरून काटा कुठल्या दिशेने सरकतो ते बघा. माझी आता हिवाळ्यासाठी आत ठेवली आहे: टाकी काठोकाठ, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, बॅटरीला छोटा चार्जर, टायरमध्ये जरा जास्त हवा. एप्रिलमध्ये मागचा गिअर 3.50 वरून 3.00 करायचा आहे. नऊ इंचीत कुणी हे काम बाहेरून करून घेतलं असेल तर मजुरी किती पडली ते कळवा, इथे मला सांगितलेला आकडा मला पटलेला नाही.