सेल्फ घेते, पण चालू होत नाही: जुन्या मारुती ८०० साठी कोणता स्पार्क टेस्टर घ्यावा?

प्लगला ठिणगी मिळते का ते तपासणारे स्पार्क टेस्टर बाजारात दोन तऱ्हेचे मिळतात. एक दिव्याचा. तो प्लग आणि प्लगवायरच्या मध्ये बसतो, करंट गेला की आतला दिवा लुकलुकतो. दुसरा गॅपचा. त्यात समोरासमोर दोन टोकं, त्यातलं एक स्क्रूने मागेपुढे होणारं, बाजूला मिलिमीटरची पट्टी आणि अर्थसाठी चिमटा. कार्बोरेटरवाली ८०० किंवा ओम्नी असेल तर दुसराच घ्या.

प्लग काढून इंजिनच्या हेडला टेकवायचा आणि ठिणगी दिसली की 'करंट आहे' म्हणायचं, ही सगळीकडचीच पद्धत. पण मोकळ्या हवेत ०.८ मिमीची फट ओलांडायला कॉइलला (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवते ती) फारसा जोर लागत नाही. सिलिंडरच्या आत, कॉम्प्रेशनच्या दाबाखाली, त्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून बाहेर पास झालेली कॉइल आत नापास होते. दिव्याचा टेस्टर तर अशा दमलेल्या कॉइलवरही खुशाल लुकलुकतो. गॅपचा टेस्टर मात्र पॉइंटच्या गाडीला (जिच्यात उघडझाप करणारी दोन टोकं कॉइलचा करंट तोडतात) ६ मिमीवर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनला १० मिमीच्या आसपास लावला, की खरं काय ते कळतं. जाड, निळी ठिणगी आणि चट्‌चट् आवाज आला तर कॉइल ठीक. बारीक, तांबूस आणि मध्येच हुकणारी असेल तर नाही. उन्हात रंग कळत नाही, बॉनेटखाली सावली करून बघा.

टेस्टर लावण्याआधी डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढून सेल्फ मारा आणि आतला फिरता तुकडा, रोटर, फिरतोय का ते पाहा. या इंजिनात डेल्को आणि पेट्रोल पंप दोन्ही कॅमशाफ्टवर चालतात. रोटर जागचा हलत नसेल तर बहुधा टायमिंग बेल्ट तुटलाय. सेल्फही नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो. तिथे टेस्टरचं काम संपलं. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी ती चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी तपासणी फसवी ठरते.

मग कॉइलकडून डेल्कोत येणारी मधली वायर काढून टेस्टरला जोडा. इथे दणकट ठिणगी, पण प्लगवायरला काहीच नाही, म्हणजे दोष रोटरमध्ये किंवा झाकणात. झाकणाच्या आत मधोमध कार्बनचा छोटा ब्रश असतो, तो झिजतो किंवा अडकून बसतो. तडा गेला असेल तर काळी, केसासारखी रेघ दिसते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आत नुसतं दमट झालं तरी गाडी अडते. कोरड्या फडक्याने पुसून बघा. कॉइललाच ठिणगी नसेल तर इग्निशन चालू ठेवून कॉइलच्या प्लसवर सप्लाय तपासा आणि मायनसवर टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारा. पॉइंटच्या गाडीत लॅम्प लुकलुकला नाही तर पॉइंट जळलेत किंवा त्यांची फट बिघडली. ती ०.४ ते ०.५ मिमी हवी, फीलर गेजनेच लावा. लॅम्प लुकलुकतो, पण ठिणगी नाही किंवा अशक्त आहे, तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) किंवा कॉइल खराब. कंडेन्सर स्वस्त, आधी तोच बदला.

टेस्टरच्या मर्यादाही आहेत. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमक्या वेळी पडते का, ते तो सांगत नाही. ठिणगी झकास, तरी कार्बोरेटरमधून फट्‌फट् आवाज येत असेल तर डेल्कोचा बोल्ट ढिला होऊन तो फिरलाय का, प्लगवायरी १-३-२ क्रमानेच लागल्यात का, ते बघावं लागतं. पेट्रोलबद्दलही तो मुका. त्यासाठी प्लग पाहा. कोरडा खणखणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला, वासाचा असेल तर ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त गेलंय. चोकचं बटण पूर्ण आत ढकलायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा (पंप करायचा नाही) आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून जुने रबरी पाइप फुगलेले, तडकलेले दिसतात, तेही वेळीच बदला.

आता वस्तूविषयी. स्वस्त टेस्टरचा चिमटा हीच खरी रड. स्प्रिंग लेचीपेची, रंगवलेल्या पत्र्यावर अर्थ धरत नाही, आणि माणूस चांगल्या कॉइलला दोष देतो. चिमटा इंजिनच्या उघड्या बोल्टलाच लावा. पट्टीवरही डोळे झाकून विश्वास नको, ६ मिमीच्या ड्रिल बिटचा दांडा टोकांमध्ये धरून एकदा ताडून पाहा. छपाई पेट्रोलच्या हाताने पुसली जाते, आकडे कोरलेले असतील तो घ्या. टेस्टरची वायर हातात धरून सेल्फ मारू नका, आणि जवळ पेट्रोलचा पाइप उघडा ठेवू नका. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या) गाडीवर वापरणार असाल तर फट उगाच ताणू नका, कॉइल चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, इग्नायटर, जाऊ शकतो.