तीन खेळ, एक वर्ष: पहिला रोलप्लेइंग गेम निवडताना

चार-पाच मित्रमैत्रिणी जमवून टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत, फाशांच्या आधारे मिळून गोष्ट रचण्याचा खेळ, सुरू करायचे ठरले की माणूस सर्वांत आधी नियमपुस्तकांची तुलना करू लागतो, आणि मागच्या दिवाळीत मीही तेच केले. त्यानंतरच्या वर्षभरात आमच्या पुण्यातील गटाने तीन खेळ खेळले: डन्जन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी) पाचवी आवृत्ती, कॉल ऑफ कथुल्हूची सातवी आवृत्ती आणि ब्लेड्स इन द डार्क. पहिला मी सात महिने चालवला, दुसरा आधी खेळले आणि मग चालवला, तर तिसरा एका मैत्रिणीने चालवला आणि तिच्या परीक्षेमुळे त्याच्या शेवटच्या तीन बैठका माझ्याकडे आल्या. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की कष्ट तिन्ही खेळांत जवळजवळ सारखेच आहेत, मात्र ते निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या माणसांच्या वाट्याला येतात. तेव्हा आपल्या गटात कोणाकडे केव्हा वेळ असतो हे आधी पाहावे आणि नियमपुस्तक त्यानंतर उघडावे. खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे प्रसंग मांडून खेळाडूंच्या कृतींचे पुढे काय होते ते सांगणाऱ्याला, डी अँड डीत डन्जन मास्टर, कथुल्हूत कीपर आणि ब्लेड्समध्ये जीएम (गेम मास्टर) म्हणतात. आमच्याकडे तिघांनाही सूत्रधार म्हणण्याची सवय पडली, म्हणून येथेही तोच शब्द वापरते.

फरक समजण्यासाठी एकच प्रसंग तिन्ही खेळांत घालून पाहू. रात्रीची वेळ आहे, एका वाड्याच्या मागच्या भिंतीवरून आवाज न करता आत उतरायचे आहे आणि चौकात पहारेकरी बसलेला आहे. डी अँड डीत खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या कौशल्याचा अंक मिळवतो आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या अंकाशी ताडून पाहतो. पहिल्या लेव्हलच्या चोराला ५ मिळवायचे असतील आणि गाठायचा अंक १५ असेल, तर यशाची शक्यता ५५ टक्के असते; परिस्थिती अनुकूल म्हणून ‘अ‍ॅडव्हान्टेज’ मिळाला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा अंक धरायची मुभा मिळाली, तर तीच ८० टक्क्यांच्या जवळ जाते. निकाल मात्र जमले किंवा नाही जमले इतकाच असतो, आणि नाही जमले तर पुढे काय व्हावे याविषयी नियम फारसे काही सांगत नाहीत. पहिल्या दोन महिन्यांत आमचा चोर भिंतीवरून घसरायचा, पुन्हा चढायचा आणि पुन्हा घसरायचा, आणि बाकीचे चौघे वेफर्स खात बसायचे; यात दोष खेळापेक्षा माझा अधिक होता.

कथुल्हूत कौशल्य थेट टक्क्यांत लिहिलेले असते. ते ४५ असेल तर दहा बाजूंच्या दोन फाशांवर (एक दशकाचा, एक एककाचा) ४५ किंवा त्याहून कमी यावे लागते; २२ पर्यंत आले तर यश अधिक ठळक, आणि ९ पर्यंत आले तर असामान्य. हुकलेला प्रयत्न खेळाडूला एकदा ‘पुश’ करता येतो, पण त्यासाठी त्याने काहीतरी वेगळे किंवा जास्तीचे करायला हवे, आणि या खेपेस हुकले तर नक्की काय ओढवेल हे सूत्रधार आधी सांगू शकतो. ‘दगड निसटला तर तू थेट विहिरीत जाशील, तरी हात घालतोस का?’ असे विचारल्यावर टेबलावर जी शांतता पसरते, तिच्याइतके नाट्य मला वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही नियमातून मिळाले नाही.

ब्लेड्समध्ये लुडोच्या डब्यातले साधे सहा बाजूंचे फासे पुरतात. कौशल्याइतके फासे टाकायचे आणि त्यांतला सर्वांत मोठा अंक पाहायचा: ६ आले तर काम फत्ते, ४ किंवा ५ आले तर काम होते पण काहीतरी किंमत मोजून, आणि ३ किंवा त्याखाली आले तर प्रसंग अंगावर येतो. दोन फासे टाकणाऱ्याला अपयश २५ टक्के वेळा, निर्भेळ यश सुमारे ३१ टक्के वेळा आणि किंमत मोजून मिळालेले यश सुमारे ४४ टक्के वेळा येते. या शेवटच्या आकड्याकडे होतकरू सूत्रधाराने नीट पाहावे. जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या वेळी त्याला जागच्या जागी एक नवी अडचण सुचावी लागते: भिंत ओलांडली पण उपरणे खिळ्याला अडकून राहिले, पहारेकऱ्याने पाहिले नाही पण वरच्या मजल्यावर दिवा लागला. असे एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा सुचवून दाखवावे लागते, आणि रात्री घरी जाताना माझ्या डोक्यात काही शिल्लक उरत नसे.

तयारीच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. डी अँड डीचे ओझे बैठकीच्या आधी पडते. शनिवारच्या तीन तासांसाठी मी गुरुवार-शुक्रवार मिळून तितकाच वेळ नकाशे, राक्षसांचे आकडे आणि झटापटींचा समतोल यांवर घालवत असे, आणि तो समतोल पाच पात्रे गृहीत धरून बसवलेला असे. शनिवारी दुपारी दोघांचे ‘जमत नाही’ असे निरोप आले की सगळे गणित कोलमडायचे. लग्नसराई, गणपती आणि दोघांच्या नोकरीतली रात्रपाळी यांमुळे आमच्याकडे हे इतक्यांदा झाले की पाचव्या महिन्यापासून मी सर्व झटापटी तिघांच्या हिशेबाने बसवू लागले आणि पाचही जण आले तर शत्रूंची संख्या वाढवू लागले. नियमांनुसार लढाईतला एक राउंड ६ सेकंदांचा असतो. पाच जणांच्या टेबलावर, प्रत्येक जण आपली जादू वाचून काढत असताना, तो सहज वीस मिनिटे चालतो. ज्याला अशी लढाई आवडते, पातळी-पातळीने वाढणारे पात्र आवडते, त्याला मात्र या खेळाइतके समाधान दुसरीकडे मिळणार नाही. पाचव्या लेव्हलला आमच्या जादूगाराने पहिला फायरबॉल टाकला आणि आठ फासे एकदम टेबलावर सांडले, तेव्हा शेजारच्यांनी भिंत ठोकली होती.

आवृत्तीचा प्रश्न हमखास विचारला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला, पाचवी आवृत्ती २०१४ ची आहे आणि तिचे सुधारित खेळाडूंचे पुस्तक २०२४ मध्ये आले. नवख्याने लगेच कोणतेही पुस्तक विकत घेऊ नये. मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे, आणि पहिले तीन महिने त्यावर आरामात निघतात.

कथुल्हूची तयारी निराळ्या प्रकारची आहे. केऑसियमने १९८१ मध्ये काढलेला, सँडी पीटरसन यांनी रचलेला हा खेळ एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर उभा आहे आणि त्यातली पात्रे म्हणजे प्राध्यापक, वार्ताहर, डॉक्टर अशी साधी माणसे असतात. त्यांची प्राणशक्ती दहा-बाराच्या आसपास असते आणि ती अनुभवाने वाढत नाही. रिव्हॉल्व्हरची एक गोळी दहापर्यंत इजा करू शकते, त्यामुळे लढाईचा समतोल बसवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण शहाणा खेळाडू लढाईच्या वाटेला जात नाही. सूत्रधाराला एक रहस्य पूर्णपणे आणि तारखा-नात्यांसकट पाठ असावे लागते, एवढेच. प्रकाशकाने विनामूल्य दिलेल्या क्विक-स्टार्ट नियमांसोबत एक पछाडलेल्या घराची कथाही मिळते आणि ती एका बैठकीत संपते. मी चालवताना केलेली मोठी चूक अशी की एक महत्त्वाचा धागा ग्रंथालयातील शोधाच्या फाशावर टांगून ठेवला. फासा हुकला आणि तपास दीड तास एकाच जागी घुटमळत राहिला. ज्याच्यावाचून कथा अडेल तो धागा खेळाडू योग्य जागी पोचताच देऊन टाकावा, आणि फासा केवळ त्यापलीकडच्या माहितीसाठी ठेवावा.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगावीशी वाटते. खेळाचा मूळ काळ १९२० चे दशक आणि मूळ भूमी अमेरिका. आम्ही काळ तोच ठेवून तो मुळशीत आणला. १९२१ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह, धरणाच्या पाण्याखाली जाणारी गावे, मोजणीसाठी येणारे लोक आणि देव हलवायचे की नाही यावरून गावात पडलेली फूट, ही पार्श्वभूमी इतकी भारलेली आहे की भयासाठी शिंगे-शेपट्यांची गरजच पडली नाही. मात्र सेनापती बापटांसारखी खरी माणसे टेबलावर पात्रे म्हणून आणायची नाहीत आणि विस्थापितांचे दुःख कोणत्याही अघोरी शक्तीच्या माथी मारून हलके करायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. लव्हक्राफ्टच्या कथांत गोऱ्यांखेरीज इतरांकडे पाहण्याची जी तुच्छ नजर आहे, ती जगजाहीर आहे. त्या कथांत ज्यांना अंधश्रद्ध आणि भयावह म्हणून रंगवले जाते, त्यांच्या जागी आपण बसतो, तेव्हा हे जाणूनबुजून उलटवावे लागते. तसेच मनःस्वास्थ्याचा अंक घसरून पात्र भ्रमिष्ट होणे हा या खेळाचा गाभा असल्यामुळे, खेळण्याआधी या विषयावर गटात मोकळेपणाने बोलणे अत्यावश्यक आहे. आमच्यातल्या एकाने सुरुवातीलाच नको म्हटले आणि तो त्या बैठकांना आला नाही.

ब्लेड्सला पूर्वतयारी जवळजवळ लागत नाही. जॉन हार्पर यांच्या २०१७ मधील या खेळात खेळाडू मिळून डोस्कव्होल नावाच्या अंधाऱ्या शहरातली गुन्हेगारांची टोळी असतात, आणि कोठे दरोडा घालायचा हे तेच ठरवतात. डी अँड डीत आमच्या मंडळींनी एका तिजोरीसाठी अख्खी संध्याकाळ बेत आखण्यात घालवली होती, आणि शेवटी दार उघडेच निघाले. ब्लेड्समध्ये बेताचा प्रकार आणि एक तपशील एवढेच सांगायचे, एक फासा-फेरी करायची की टोळी थेट प्रसंगाच्या मध्यात असते. पहारेकऱ्याला काल रात्रीच पैसे चारले होते, असे नंतर ‘फ्लॅशबॅक’ने दाखवता येते, बदल्यात थोडा ताण सोसायचा. ताणाची नऊ घरे भरली की पात्रावर कायमची जखम राहते. शिवाय वाढते ती टोळी, त्यामुळे दोघे गैरहजर असले तरी ‘ते दोघे आज दुसऱ्या कामावर आहेत’ असे म्हणून खेळ सुरू होतो. आमच्या बेभरवशाच्या शनिवारांना हाच खेळ सर्वांत मानवला. अडचण अशी की येथे खेळाडूलाही लेखक व्हावे लागते. दिवसभर काम करून केवळ कोणीतरी गोष्ट सांगावी म्हणून येणारा आमचा एक मित्र दर वेळी ‘मग तूच सांग, काय होते?’ असे विचारून थकला, आणि त्याची तक्रार मला रास्त वाटते.

भाषेचा मुद्दा नियमपुस्तकांत कोठेच नसतो, पण मराठीत खेळणाऱ्यांच्या दृष्टीने तो निर्णायक ठरू शकतो. आम्ही नियम इंग्रजीत वाचतो आणि बोलतो मराठीत. डी अँड डीत पारिभाषिक शब्द इतके आहेत की वाक्याची क्रियापदे तेवढी मराठी उरतात. फायरबॉलला एकदा ‘अग्निगोल’ म्हणून पाहिले तेव्हा बैठक पाच मिनिटे हसण्यात गेली. कथुल्हूत मात्र साध्या माणसांचे साधे बोलणे असल्यामुळे मराठीची सगळी श्रीमंती हाती येते. पाटलाच्या ओसरीवर बसलेला वार्ताहर ‘आपण’ म्हणतो, पाटील त्याला ‘तुम्ही’ म्हणतात, आणि तिसऱ्या कपानंतर अचानक ‘तू’वर येतात, त्या एका सर्वनामाने जे घडते, त्यासाठी फासा टाकण्याची गरज राहत नाही. ब्लेड्समधली टोळीची बडबडही मराठीत झकास रंगते, फक्त प्रत्येक फाशाआधी धोका किती आणि परिणाम किती यावर जी वाटाघाट करावी लागते, ती आमच्याकडे इंग्रजीत घसरली ती कायमचीच.

आता निवडणाऱ्यासाठी थेट सांगायचे तर असे. गटातल्या एकाला आठवड्याच्या मधल्या दिवशी दोन-तीन तास मोकळे मिळत असतील, त्याला नकाशे काढण्यात आनंद वाटत असेल आणि निदान चौघे दर शनिवारी येतीलच अशी खात्री असेल, तर डी अँड डी घ्यावे. मंडळी महिन्यातून एकदाच भेटत असतील, किंवा हा प्रकार आपल्याला रुचतो का हे एका रात्रीत पाहायचे असेल, तर कथुल्हूची ती मोफत कथा घ्यावी. दोन खेळाडू आणि एक सूत्रधार इतक्यावरही ती निभावते. तयारीला वेळ अजिबात नाही, उपस्थिती अनिश्चित आहे, पण जमलेल्यांपैकी निदान तिघे बोलघेवडे आणि कल्पक आहेत, अशा गटाने ब्लेड्सपासून सुरुवात करायला हरकत नाही, मग हा खेळ नवख्यांसाठी नाही असे जाणकार कितीही म्हणोत.

चालवावे की खेळावे, या प्रश्नावर मात्र मी एका बाजूने बोलेन. कथुल्हू मी आधी खेळले होते, म्हणून तो चालवताना खेळाडू कोणत्या क्षणी कंटाळतो हे मला ठाऊक होते; डी अँड डी थेट चालवायला घेतले आणि तेच कळायला चार महिने गेले. आपल्या शहरात कोणी दुसरा चालवणारा सापडत असेल तर त्याच्याकडे दोन-तीन बैठका बसावे. सापडत नसेल, तर गटातल्या दोघांनी एकेक छोटी कथा वाटून घ्यावी, म्हणजे दोघांनाही दोन्ही बाजू दिसतात. येत्या जानेवारीपासून आम्ही तसेच करणार आहोत, आणि पहिली पाळी त्या थकलेल्या मित्राने स्वतःहून मागून घेतली आहे.