बाबा गेल्यानंतर घेतलेली हिप्नोथेरपी: कोथरूडमधला अनुभव, जरा सविस्तर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. बाबा गेल्याचं दुःख हिप्नोथेरपीने कमी झालं नाही आणि मी त्यासाठी गेलेही नव्हते. झोप परत आली, आयसीयूतलं ते एकच चित्र दिवसभर डोळ्यांसमोर यायचं ते बरंच थांबलं, आणि आजारी पडायच्या आधीचे बाबा मला परत आठवायला लागले. एवढ्यासाठी मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा का कापला ते खाली येईलच. मॅडमनी स्वतःचं नाव कुठेही टाकू नका असं सांगितलंय, त्यामुळे फक्त एवढंच की कोथरूडमधल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, वीसेक वर्षं प्रॅक्टिस आहे आणि हिप्नोसिस हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे, सगळं काम नाही.

आता नेमकं काय झालं होतं ते सांगते, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. बाबांना न्यूमोनिया झाला, तब्येत झपाट्याने बिघडली, व्हेंटिलेटर लावायच्या कागदावर सही माझी होती कारण दादा बेंगळुरूहून अजून पोचायचा होता आणि आई पेन धरायच्या अवस्थेत नव्हती. त्यानंतर बाबा बोललेच नाहीत. दहाव्याला ओंकारेश्वराला गेलो तर पिंडाला कावळा शिवेना, किती वेळ सगळे उन्हात उभे, सगळ्यांनी काय काय शब्द देऊन झाले, "आईला सांभाळू", "गावचं घर विकणार नाही", तरी नाही, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, काहीतरी इच्छा राहिली असणार हो. ज्यांनी म्हटलं त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण ते वाक्य माझ्या डोक्यात रुतूनच बसलं. इच्छा राहिली म्हणजे काय राहिली? त्यांना व्हेंटिलेटर नको होता का? मी सही करायला नको होती का? रात्री तीनला हेच. घरातला मायक्रोवेव्ह बीप झाला की आयसीयूच्या मॉनिटरसारखा वाटून हातपाय गार पडायचे, शेवटी मी तो वापरायचाच बंद केला.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२ वगैरे तपासून काउन्सेलिंग सुचवलं. हिप्नोथेरपीचं नाव ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडून कळलं.

मॅडमकडे जायच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला होता, तो किस्सा सांगायलाच हवा. तिथला माणूस फोनवरच म्हणाला की ताई, एका सिटिंगमध्ये वडिलांशी कनेक्ट करून देतो, त्यांची काय इच्छा राहिली ते तुम्ही स्वतः त्यांच्या तोंडून ऐकाल, सोबत पूर्वजन्माचं पण पॅकेज आहे. मला ज्या प्रश्नाने झोप येत नव्हती नेमकं त्याचंच उत्तर तो विकत होता, मी काहीही न सांगता, म्हणजे हा प्रश्न घेऊन त्याच्याकडे किती लोक येत असतील बघा. मी फोन ठेवला. नंतर मॅडमशी बोलल्यावर यातला खरा धोका कळला. हिप्नोसिसमध्ये माणूस सूचना चटकन स्वीकारतो, तोच तर त्याचा उपयोग आहे, पण त्या अवस्थेत कुणी विचारलं की "बाबा काय म्हणतायत?" तर मन काहीतरी उत्तर तयार करतंच, आणि ते तयार केलेलं उत्तर पुढे आठवण म्हणून पक्कं बसतं. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलंय की नुसत्या सुचवण्याने सुद्धा लोकांच्या डोक्यात न घडलेली आठवण तयार होऊ शकते, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची वगैरे, आणि तिथे तर हिप्नोसिसही नव्हतं. विचार करा, माझ्या मनाने जर उत्तर दिलं असतं की "तू सही का केलीस", तर मी ते आयुष्यभर बाबांचं वाक्य म्हणून घेऊन जगले असते.

मॅडमच्या पहिल्या सेशनला हिप्नोसिस झालंच नाही. दीड तास नुसत्या प्रश्न विचारत होत्या, झोप, भूक, आधीचे आजार, गोळ्या चालू आहेत का, फिट येते का, आवाज ऐकू येतात का, जगू नये असं वाटतं का. शेवटचा प्रश्न इतका सरळ विचारला की मला रडू आलं आणि बरंही वाटलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला आजार नाहीये, तुमचे वडील गेलेत." खूप काळ न हलणाऱ्या दुःखाला आता वेगळं निदान आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) किमान ६ महिने आणि अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या यादीत (डीएसएम-५-टीआर) मोठ्यांसाठी किमान १२ महिने असा निकष आहे, दोन्ही २०२२ पासून, पण नुसते महिने मोजून ते ठरत नाही, रोजचं जगणंच अडून बसलं पाहिजे. मी त्यात बसत नव्हते. माणूस आत आला की लगेच लेबल लावलं नाही, ही मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट.

हिप्नोसिस म्हणजे काय हेही त्यांनी तेव्हाच नीट सांगितलं, कारण आमच्या आत्याने आधीच घाबरवलं होतं की तुझ्याकडून काहीही वदवून घेतील. तसं काही नसतं. झोप नसते, बेशुद्धी नसते, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न मला सगळे ऐकू येत होते, कधीही डोळे उघडून उठता येतं. बालगंधर्वला एखादं नाटक रंगलं की शेजारचा खोकतोय ते कळतं पण आपण तिकडे जात नाही, साधारण तसं. लक्ष एका जागी गोळा होतं, आजूबाजूचं मागे पडतं, आणि त्या वेळी दिलेली सूचना शरीर जास्त मनावर घेतं. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांच्या टीमने २०१६ मध्ये ५७ लोकांचे ब्रेन स्कॅन छापले, त्यात सहज हिप्नोसिसमध्ये जाणाऱ्या लोकांच्या मेंदूत त्या वेळी खरंच फरक दिसला, त्यातला एक म्हणजे सतत "काय बिघडलंय" बघत राहणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली. माझा तो भाग तर रात्री तीनला सुद्धा ड्युटीवर होता.

पण सगळ्यांना हे सारखं जमत नाही. १९५९ पासून स्टॅनफर्डची एक मोजपट्टी वापरात आहे, हात जड होतोय असं सांगितल्यावर खरंच किती खाली येतो वगैरे, मॅडमनी त्यातल्या एकदोन गोष्टी माझ्यावर करून बघितल्या. माझा हात सरळ खालीच गेला. आईला पण नंतर नेलं होतं, तिचा हात जागचा हलला नाही आणि तिला डोळे मिटून बसायलाच नको वाटत होतं. हा गुण माणसात बऱ्यापैकी कायम राहतो म्हणे, त्याच लोकांना २५ वर्षांनी परत तपासलेला एक अभ्यास १९८९ मध्ये आलाय, त्यात स्कोअर फारसे बदलले नव्हते. मॅडमनी आईवर जबरदस्ती केली नाही, अजून चार सेशन घ्या असंही म्हटलं नाही, तिच्याशी साध्या गप्पा मारल्या, बाबांच्या नोकरीच्या, लग्नाच्या, आणि आई त्यातच मोकळी झाली. पैसे कमवायचे असते तर इथे कमवता आले असते.

आता प्रत्यक्ष सेशन. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, पापण्या जड होईपर्यंत. ही पद्धत १८४० च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या सर्जनने रूढ केली. आणि आपल्या देशात त्याच सुमारास, १८४५ मध्ये, बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा सर्जन क्लोरोफॉर्म यायच्या आधी लोकांना मेस्मेरिझम (हिप्नोसिसचं जुनं रूप) देऊन मोठमोठ्या गाठी कापून काढत होता, हे वाचून मी थक्क झाले. मग श्वास, मग खांद्यापासून पायापर्यंत एकेक भाग सैल, मग दहापासून उलटे आकडे, आणि मनाला सुरक्षित वाटेल अशा जागी जायचं. मी आपोआप देवरुखच्या आजोळी गेले, मागचं दार, विहिरीचा रहाट, वाळत घातलेली आमसुलं. तिथे बसून अंगठा आणि पहिलं बोट दाबायचं, म्हणजे ती शांतता त्या खुणेला जोडली जाते. पहिल्या वेळी एवढंच. मला वाटलं यात काय झालं, पण त्या रात्री पाच वाजेपर्यंत झोपले.

पुढच्या वेळी आयसीयूचं चित्र घेतलं. ते आपल्यासमोर नाही तर खोलीच्या पलीकडच्या टोकाला एका छोट्या टीव्हीवर आहे, रिमोट आपल्या हातात आहे, आवाज कमी करा, रंग काढा, थांबवा, मागे न्या. मागे न्या म्हटल्यावर मी मागे मागे नेत गेले आणि बाबा सोसायटीच्या गेटपाशी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून वाद घालताना दिसले, पायात त्या जुन्या सँडल. कित्येक दिवसांत बाबांचा नळ्या नसलेला चेहराच मला दिसला नव्हता. मी जोरजोरात रडले, मॅडमनी थांबवलं नाही.

आणि मग कावळ्याची गोष्ट. मॅडम डोळे उघडे असतानाच आधी म्हणाल्या, "आपण बाबांना काही विचारणार नाही आहोत. ते इथे येणार नाहीत, येतात असं मी तुम्हाला सांगणारही नाही. बोलायचं तुम्ही." मग त्या अवस्थेत मी बाबांना सगळं सांगितलं, की दादा पोचला नव्हता, डॉक्टर म्हणाले आत्ता ठरवा, तुम्हाला श्वास लागलेला मला बघवत नव्हता म्हणून मी सही केली. मध्ये एकदा मी स्वतःच म्हटलं, बाबा काहीतरी बोलतायत का? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बोलून होऊ द्या." पॅकेजवाल्या माणसात आणि त्यांच्यात काय फरक आहे ते मला त्या एका वाक्यात कळलं. इच्छा काय राहिली याचं उत्तर मला आजही माहीत नाही, पण तो प्रश्न आता मला रात्री उठवत नाही.

बीपसाठी त्यांनी वेगळी सूचना दिली, बीप ऐकला की आधी श्वास बाहेर सोडायचा आणि बोटं दाबायची. घरी ऐकायला मोबाइलवर पंधरा मिनिटांचं रेकॉर्डिंग दिलं. मायक्रोवेव्ह परत चालू झालाय.

नुसतं हिप्नोसिसच होतं असंही नाही. त्यांनी स्ट्रोब आणि शुट या दोघांचं १९९९ चं मॉडेल सांगितलं, की शोक करणारा माणूस दुःखात जातो आणि परत रोजच्या कामात येतो, असं मागेपुढे होत राहणं हेच निरोगी आहे. दिवाळीत शेजारच्या काकूंनी आमच्या घरी फराळ आणून दिला आणि आई चकली खाताना एका विनोदावर हसली, तर लगेच अपराधी चेहरा करून बसली. तेव्हा मी तिला हेच सांगितलं.

पुरावा किती, हे विचारणाऱ्यांसाठी. हिप्नोथेरपीचा चांगला अभ्यास झालाय तो आयबीएस या पोटाच्या जुनाट त्रासात (मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांचा १९८४ चा ३० पेशंटचा पेपर, नंतर बरेच), वेदनेत, ऑपरेशनच्या आधीच्या भीतीत. थेट शोकासाठी असे मोठे अभ्यास फार कमी आहेत. अडकून राहिलेल्या शोकासाठी जास्त भक्कम पुरावा कॅथरीन शीअर यांच्या खास थेरपीचा आहे, २००५ च्या ट्रायलमध्ये तिचा ५१ टक्के लोकांना गुण आला, तुलनेच्या थेरपीचा २८ टक्क्यांना. गंमत म्हणजे त्यातही डोळे मिटून मृत्यूची गोष्ट परत सांगणं आणि गेलेल्या माणसाशी मनात बोलणं आहे. त्यामुळे ज्यांचं वर्ष उलटून गेलंय आणि अजून काहीच हलत नाही त्यांनी फक्त हिप्नोसिसवर थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ही गोष्ट मॅडमनी स्वतः सांगितली.

कुठेही जा, फोनवर आधी विचारा की तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहात का, आरसीआयचा (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी परिषद) रजिस्ट्रेशन नंबर काय, किंवा सायकिअ‍ॅट्रिस्ट आहात का. नुसता हिप्नोथेरपिस्ट असा बोर्ड आपल्याकडे कुणीही छोटा कोर्स करून लावतो. आवाज ऐकू येणं, भास होणं असलं काही असेल तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्टच. आणि जगू नये असं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

अर्धा मार्क कापला तो जागेसाठी. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आईला चढवताना खूप हाल झाले. रस्त्याकडेची खिडकी बंद असूनही बसचे हॉर्न येतात. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज आहे. पहिल्या भेटीचे दोन हजार, पुढे दीड हजार, माझ्या पॉलिसीत यातलं काहीच बसलं नाही, पावती मात्र दर वेळी न मागता मिळते. संध्याकाळचे स्लॉट दोन-दोन आठवडे नसतात, सकाळी अकराचा मागितलात तर लवकर मिळतो. सेशननंतर लगेच गाडी चालवू नका, बाहेरच्या खोलीत बाक आहे, पाणी आहे, वीस मिनिटं बसलात तरी कुणी उठवत नाही.